ऑर्केस्ट्रासाठी क्लॅरिनेटचा माउथपीस कसा निवडायचा: ठाणे-नवी मुंबईतल्या वादकांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्यात किंवा वाशी-नेरुळकडे क्लॅरिनेट शिकणारे व्हायोलिन-गिटारवाल्यांपुढे अगदी किरकोळ. त्यामुळे दहा माउथपीस समोर मांडून वाजवून बघावेत अशी सोय जवळपास नाही आणि विचारायला माणूसही पटकन सापडत नाही. शिकवताना आणि तालमीच्या मधल्या चहाला जे प्रश्न फिरून फिरून येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. मोजमापं कंपन्यांच्या तक्त्यांतली आहेत, मतं माझी.

माउथपीस बदलल्यानं खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. आवाज जन्मतो तो रीड (कंप पावणारी पातळ पट्टी) आणि माउथपीस (वाद्याचं तोंडात धरायचं टोक) यांच्यामधल्या फटीत, पुढची नळी त्याला सूर देते. विद्यार्थ्यांसाठीच्या प्लास्टिकच्या क्लॅरिनेटवर चांगला माउथपीस लावला तर वाद्य लगेच सुधारल्यासारखं वाटतं. उलट महागड्या लाकडी वाद्यावर टोक झिजलेला माउथपीस असेल तर त्या लाकडाचा काही उपयोग होत नाही. म्हणून पैसे खर्च करायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी चांगल्या रीड्स, मग माउथपीस, मग वाद्य. लिगेचर, म्हणजे रीड माउथपीसवर धरून ठेवणारा पट्टा, सगळ्यात शेवटी.

ऑर्केस्ट्रात वाजवायचं म्हणून वेगळं काय बघायचं?

हळू वाजवताना तो कसा वागतो ते बघायचं. बाकी सगळं त्यानंतर.

घरी एकट्यानं वाजवताना कुठलाही मोकळा, झणझणीत आवाजाचा माउथपीस आवडतो. खोली भरून जाते, कान सुखावतात. तोच माउथपीस घेऊन तुम्ही बासरी आणि बसून (खर्जातलं मोठं फुंकवाद्य) यांच्या मधे बसलात, कंडक्टरनं हात वर केला आणि तुम्हाला शांततेतून, कुठलाही ‘ठप्’ न होता सूर सुरू करायचाय, की त्याचं खरं रूप कळतं. सूर उशिरा निघतो, नाहीतर फट्‌कन निघतो. चायकोव्हस्कीची पाचवी सिंफनी (१८८८) सुरू होते तीच दोन क्लॅरिनेटांच्या खालच्या, दबलेल्या सुरांवर. त्याच्या सहाव्या सिंफनीच्या (१८९३) पहिल्या भागात क्लॅरिनेटचं एकल वादन विरत विरत जवळजवळ ऐकू न येण्याइतकं खाली जातं. असल्या जागी आवाज किती मोठा निघतो याला काडीची किंमत नसते.

दुसरी गोष्ट सुरांची. एकल वादनात पाच-सात सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वरखाली झाले तर कुणाला कळत नाही. ओबो आणि बासरीबरोबर एकच स्वर धरलात की तेवढंही टोचतं. क्लॅरिनेट वरच्या सप्तकाला उडी मारताना आठव्या स्वरावर जात नाही, बाराव्यावर जातं. ही बाराव्याची जोडी सुरात राहते की नाही यात माउथपीसच्या आतल्या पोकळीचा मोठा हात असतो.

तिसरी, टंगिंग, म्हणजे जिभेनं सूर तोडणं. मेंडेल्सननं ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’साठी लिहिलेलं स्केर्झो काढून बघा. जलद, हलकं, तुटक, आणि तेही हळू आवाजात. जिभेला उत्तर द्यायला उशीर करणारा माउथपीस तिथे पहिल्या ओळीतच उघडा पडतो.

मोठा आवाज मी चौथ्या क्रमांकावर ठेवतो. तो लागतोच, रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘काप्रिचिओ एस्पान्योल’मध्ये क्लॅरिनेटला खणखणीत उठून दिसावं लागतं. पण सराव असलेला वादक बेताच्या फटीच्या माउथपीसमधूनही तो काढतो. हळू आवाजाचं तसं नाही. माउथपीस अडवणारा असेल तर नुसत्या सरावानं तो सुटत नाही.

टिप ओपनिंग, फेसिंग, बॅफल... हे सगळं नेमकं काय?

टिप ओपनिंग म्हणजे टोकापाशी रीड आणि माउथपीस यांच्यात राहणारी फट. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. ऑर्केस्ट्रात चालणारे बहुतेक फ्रेंच पद्धतीचे माउथपीस साधारण १.०० ते १.२० मिमी या पट्ट्यात येतात. म्हणजे सगळा खेळ झेरॉक्सच्या दोन कागदांच्या जाडीएवढ्या अंतरात चालतो.

फेसिंग म्हणजे रीड सपाट पाठीपासून सुटू लागते तिथपासून टोकापर्यंतचा वळणदार भाग. तो मोजायला काच आणि ०.०४ मिमीच्या आसपासची पातळ पट्टी वापरतात. फट लहान आणि फेसिंग लांब असेल तर कडक रीड लागते आणि सूर स्थिर राहतो. फट मोठी आणि फेसिंग आखूड असेल तर मऊ रीड चालते, सूर वाकवता येतो, पण तो आपणहून वाकण्याची भीतीही असते.

बॅफल हा टोकाच्या आतला, हवेला पहिल्यांदा लागणारा उतार. तो उंच असेल तर आवाज चमकदार, खोल असेल तर गडद, आणि फारच खोल असेल तर मद्दड. टोकाची कड रुंद असेल तर आवाज गोल होतो, अतिशय बारीक असेल तर वाद्य चटकन बोलतं आणि चटकन चिरकतंही.

आतल्या पोकळीचं एक लक्षात ठेवा. पोकळी मोठी की सूर खाली उतरतो, आणि हा परिणाम सगळ्या सुरांवर सारखा नसतो. थ्रोट नोट्स (खालच्या भागातले सगळ्यात वरचे सूर) वाजतात तेव्हा नळी सगळ्यात आखूड असते, त्यामुळे त्या जास्त हलतात. ‘माझा मधला ए आणि बी-फ्लॅट तेवढा खाली जातो’ ही तक्रार पुष्कळदा बोटांची नसून माउथपीसची असते.

नाव घेऊन सांगा. कोणता घेऊ?

आपल्याकडे सहज ऐकू येणारं नाव पॅरिसच्या व्हँडोरेनचं (कंपनी १९०५ पासूनची), म्हणून तिथून सुरुवात करतो.

बी४५ शिक्षक वर्षानुवर्षं सर्रास सुचवत आले आहेत. फट १.१९५ मिमी, मोकळा, सढळ. सिंफनीपेक्षा तो बँडमध्ये आणि सर्वसाधारण वापरात जास्त शोभतो असं माझं मत. घेतलाच असेल तर टाकून देऊ नका, अडीच ते तीन नंबरची रीड लावून (नंबर जितका मोठा तितकी रीड कडक) हळू आवाजावर काम करा. बी४० ची फट तेवढीच, टोकाची कड मात्र रुंद, त्यामुळे आवाज भरीव. रुंद कडेवर टंगिंग थोडं जड वाटू शकतं.

५आरव्ही लायर (१.०९ मिमी) जुना, विश्वासू. एम१३ (१.००५), एम१३ लायर (१.०२) आणि एम१५ (१.०३५) ही ऑर्केस्ट्रातली खरी मंडळी. फट लहान, फेसिंग लांब, कडक रीडशी मैत्री. एम३० (१.१५) त्याच घराण्यातला, पण मोकळा. बीडी५ ची फट १.१३ मिमी. गडद आवाज हवा असणारे बरेच जण गेल्या काही वर्षांत त्याच्याकडे वळले आहेत.

डॅडारिओच्या रिझर्व्ह मालिकेत नावातच माप आहे: एक्स० म्हणजे १.००, एक्स५ म्हणजे १.०५, एक्स१० म्हणजे १.१० मिमी. किती सोपं!

ऑर्केस्ट्रात पहिल्यांदाच बसणाऱ्याला एकच नाव सांगायचं झालं तर मी एम१३ लायर किंवा एम१५ सांगेन. ओठांची ताकद अजून बेताची असेल तर बीडी५. दुसऱ्या क्लॅरिनेटच्या खुर्चीवर बसणाऱ्यानं तर एम१५ आधी बघावा. त्याच्या वाट्याला खालचे, हळू, लांब सूर जास्त येतात आणि ‘उठून दिसण्या’ची मुभा कमी.

काही मॉडेलवर ‘१३ सिरीज’ असं लिहिलेलं असतं. ते काय?

ते सुराच्या उंचीबद्दल आहे. अमेरिकेत ए हा स्वर ४४० हर्ट्झला मिळवतात, युरोपातल्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांत ४४२ किंवा थोडा वर. या दोन्हींत सुमारे ८ सेंटचा फरक आहे. १३ सिरीजचे माउथपीस ४४० धरून किंचित खाली उतरवलेले असतात, बाकीचे ४४२ च्या आसपासचे.

घेण्याआधी तुमच्या गटात कितीला ट्यून करतात ते विचारा. कीबोर्ड किंवा डिजिटल पियानो सोबत असेल तर बहुधा ४४० च असेल. शिवाय आपल्या हवेचा हिशेब आहेच. हवा एक अंशानं तापली की नळीचा सूर तात्त्विकदृष्ट्या सुमारे ३ सेंटनं चढतो. श्वासामुळे वाद्य आतून गरम राहतं, म्हणून प्रत्यक्षात फरक त्याहून कमी पडतो, पण पडतो. मे महिन्यात ठाण्यात पंख्याखाली तालीम आणि कार्यक्रम एसी सभागृहात, म्हणजे एकाच वाद्याचे दोन स्वभाव. पंख्याखाली सगळं वर चढतं, तिथे १३ सिरीजवाला आरामात असतो. एसीत तोच खाली राहतो आणि आखूड बॅरल (माउथपीसखालचा छोटा जोडतुकडा) लागतं. मी ६५ आणि ६६ मिमीची दोन बॅरल जवळ ठेवायला सांगतो, दुसरा माउथपीस घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आधी रीड ठरवू की माउथपीस?

दोन्ही एकत्रच. ‘मला साडेतीन नंबर लागतो’ या वाक्याला माउथपीसशिवाय अर्थ नाही. एम१५ वर व्हँडोरेनच्याच व्ही१२ मालिकेची साडेतीन नंबर रीड सहज बोलेल, तीच बी४५ वर लावली तर नुसती हवा निघेल आणि ओठ दुखतील. पुन्हा प्रत्येक मालिकेचे नंबर वेगळे. निळ्या डब्यातली ट्रॅडिशनल आणि राखाडी डब्यातली व्ही१२ दोन्ही ‘तीन’ असल्या तरी सारख्या नव्हेत, व्ही१२ ची पाठ जाड असते.

माउथपीस बदलताना तुमच्या सध्याच्या नंबरच्या अर्धा वर आणि अर्धा खाली अशा रीड्सही जवळ ठेवा. नाहीतर नवा माउथपीस वाईट नसतो, रीड चुकीची असते, आणि खापर फुटतं माउथपीसवर.

कडक रीड म्हणजे मोठा वादक ही समजूत मुलांमध्ये फार आहे. पालक तर इयत्ता वाढल्यासारखा नंबर विचारतात. हळू सूर स्वच्छ निघतो तो तुमचा नंबर, मग तो अडीच का असेना.

वाजवून कसा बघायचा आणि कुठे?

धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या जुन्या दुकानात जायचं तर ठाण्याहून फास्ट लोकलनं सीएसएमटी आणि पुढे चालत. आधी फोन करून हवं ते मॉडेल शिल्लक आहे का विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते. जाताना स्वतःचं वाद्य, रुळलेल्या दोन रीड्स, एक कोरी रीड, नेहमीचं लिगेचर आणि जमलं तर ऐकणारा माणूस एवढं न्या.

दुकानात चार-सहा माउथपीस मिळाले तर एकाच रीडवर सगळे फिरवा, आणि मग उलट्या क्रमानं पुन्हा. ओळखीचा माउथपीस मधेमधे घाला, कान ताळ्यावर राहतात. सोबतच्या माणसाला पाठ फिरवून ऐकू द्या आणि कोणता चालू आहे ते सांगू नका. किंमत कळली की कानाला गडद आवाज ऐकू यायला लागतो, हा अनुभव सगळ्यांचा.

काय वाजवायचं? आधी खालचा जी शक्य तितका हळू, जिभेशिवाय, नुसत्या श्वासानं सुरू करा. तो वाढवा, पुन्हा शून्यावर न्या. मग त्याच बोटांनी रजिस्टर की (वरच्या भागात नेणारी चावी) दाबून वरच्या डी वर जा, ट्यूनर ॲप समोर ठेवून. असे खालच्या ई पासून सगळे जोड तपासा. मग थ्रोट नोट्स, मग थ्रोटवरून वरच्या भागात जाणारी सलग ओळ. ब्राम्सच्या तिसऱ्या सिंफनीच्या (१८८३) दुसऱ्या भागाची सुरुवात इथे छान आरसा दाखवते: साधी, सरळ, आणि लपायला जागा नाही. शेवटी वरचे टोकाचे सूर, तेही हळू. कोडायच्या ‘डान्सेस ऑफ गालांता’मधला (१९३३) क्लॅरिनेटचा मोठा एकल तुकडा येत असेल तर तो वाजवा, मोकळेपणा त्यात कळतो.

घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटमधल्या टाइल्स लावलेल्या हॉलमध्ये सगळेच माउथपीस गोड लागतात, तिथलं मत धरू नका. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये किंवा शाळेच्या सभागृहात परवानगी काढा आणि ऐकणाऱ्याला पंधरा-वीस फूट लांब बसवा. वादकाच्या डोक्यात जबड्याच्या हाडातून जाणारा आवाज आणि समोर पोचणारा आवाज यांत बरंच अंतर असतं. तुम्हाला खरखरीत वाटणारा सूर तिथे स्वच्छ पोचतो, आणि तुम्हाला मखमली वाटणारा व्हायोलिनांखाली गडप होतो. ‘डार्क साउंड’च्या नादात कित्येक जण हा दुसरा प्रकार विकत घेतात.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर एक सावधगिरी. फोन आवाज आपोआप समपातळीवर आणतो, त्यामुळे हळू-मोठ्याचा फरक त्यात पुसला जातो. सूर आणि टंगिंग तपासायला रेकॉर्डिंग ठीक, आवाजाचा पल्ला तपासायला नाही.

बी-फ्लॅट आणि ए, दोन क्लॅरिनेटांसाठी दोन माउथपीस लागतात का?

नाही. ऑर्केस्ट्रात एकच माउथपीस, लावलेल्या रीडसकट, एकावरून काढून दुसऱ्यावर घालतात. ओलसर रुळलेली रीड तशीच पुढे चालते. म्हणून माउथपीस निवडताना दोन्ही वाद्यांवर वाजवून बघा. ए थोडं लांब आणि फुंकायला जरा अडणारं, फार अडवणारा माउथपीस तिथे दमवतो. दोन्ही वाद्यांच्या कॉर्कची जाडी मात्र जुळवून घ्या. एकावर घट्ट आणि दुसऱ्यावर डुगडुगता माउथपीस असेल तर आठ तालखंडांच्या विश्रांतीत वाद्य बदलताना तारांबळ उडते.

ए अजून घेतलेलं नसेल तर तेवढ्यासाठी माउथपीस घेणं लांबवू नका.

जर्मन पद्धतीचा माउथपीस लावला तर जर्मन आवाज येईल?

नाही येणार. जर्मन ओएलर पद्धतीच्या वाद्याची नळी, चाव्या, माउथपीस, रीड सगळंच वेगळं असतं. फट आणखी लहान, फेसिंग लांब, रीड अरुंद, आणि ती बऱ्याचदा दोरीनं बांधतात. क्लॅरिनेटवादक कार्ल लाइस्टर बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये १९५९ ते १९९३ वाजवत होते ते असल्या वाद्यावर. तुमच्या फ्रेंच पद्धतीच्या बोएम वाद्यावर तो माउथपीस घातला तर आवाज जर्मन होणार नाही, सूर मात्र बिघडतील.

आजोबांचं जुनं क्लॅरिनेट आहे, बँडमधलं. त्यावर नवा माउथपीस बसेल का?

बसेल, पण सुरात बसेलच असं नाही. वाद्य बुझी अँड हॉक्सचं १०१० असेल तर विशेष जपा. त्याची नळी रुंद असते आणि तिला आतून सरळ बोअरचा (पोकळीचा) माउथपीस लागतो. आजचे फ्रेंच पद्धतीचे माउथपीस आतून निमुळते होत जातात, ते घातले की बाराव्याच्या जोड्या फाटतात. जॅक ब्रायमर यांच्यासारखे थोर इंग्लिश वादक १०१० वर वाजवत, तेव्हा वाद्य टाकाऊ नाही, त्याची गरज वेगळी आहे. बँडबाजाचं मेरठमध्ये बनलेलं वाद्य असेल तर आधी ट्यूनरवर तपासा. वाद्यच मुळात सुरात नसेल तर महागडा माउथपीस घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे गडकरी रंगायतनला होणारा हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम. तिथे हेच सगळं लागू पडतं?

फारसं नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तिथे समोर माइक असतो, कीबोर्ड ४४० ला असतो, आणि दोन ओळींच्या मधल्या तुकड्यात मींड, घसरती जागा, थोडा लाडिकपणा हवा असतो. बी४५ किंवा त्याहून मोकळा माउथपीस आणि अडीचची रीड यात हे सगळं सहज येतं. एम१३ वर तीच मींड काढायला घाम फुटतो. वरातीच्या बँडला तर मोकळाच हवा, उघड्यावर, ढोल-ताशापुढे हळू आवाजाचा काय उपयोग!

दोन्हीकडे वाजवणाऱ्यांनी दोन माउथपीस ठेवावेत. रविवारी सकाळी सिंफनीची तालीम आणि संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम असेल तर मधे दोन तास द्या, ओठांना नव्या फटीशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो.

मुलगी आठवीत आहे, ग्रेडच्या परीक्षा देते. वाद्याबरोबर आलेला माउथपीस कधी बदलायचा?

यामाहाच्या वायसीएल-२५५ सारख्या वाद्याबरोबर ४सी येतो आणि पहिली दोन-तीन वर्षं तो उत्तम चालतो. वरच्या सप्तकात सूर पिचका येऊ लागला, हळू वाजवताना सूर बंद पडू लागला, आणि हे सगळं चांगल्या रीडवरही होत असेल तर वेळ आली समजा. परीक्षेच्या तोंडावर अजिबात बदलू नका. परीक्षा झाल्यावर सुट्टीत बदला. तिला विचारून बदला, फुंकणार ती आहे.

एबोनाइट, लाकूड, काच. यातलं काय चांगलं?

एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर. काचेचे, ज्यांना क्रिस्टल म्हणतात ते, इटलीत पोमारिको बनवते. त्यांची मापं वर्षानुवर्षं बदलत नाहीत आणि आवाज स्वच्छ असतो, पण सीएसएमटीला उतरताना गर्दीत बॅग आपटली की विषय संपला. लाकडाचा माउथपीस आपल्या पावसाळ्यात फेसिंगचं माप धरून ठेवील यावर माझा भरवसा नाही.

लिगेचर बदलू?

आत्ता नको. रीड सरळ, घट्ट आणि न चिरडता धरली जाते ना, एवढं पुरे. माउथपीसवर आडव्या रेषा असतील तर लिगेचर त्यांच्या आत बसवा.

दातांखाली लावायची ती रबरी चकती?

लावा, जरूर. पातळ पारदर्शक ०.३५ मिमीची, जाड काळी ०.८ मिमीची. जाड लावली की तोंड तेवढंच जास्त उघडतं, म्हणून माउथपीस तपासताना नेहमीचीच चकती लावून तपासा.

पावसाळ्यात माउथपीस बिघडतो का?

माउथपीसपेक्षा रीड बिघडते. जून ते सप्टेंबर रीडचं टोक लाटेसारखं होतं, पाठ फुगते, आणि परवापर्यंत गोड वाजणारा माउथपीस चिरकू लागतो. माणसं लगेच नवा माउथपीस शोधायला निघतात. आधी रीडची पाठ काचेवर ठेवून बघा, डुगडुगली तर दोष तिचा. रीड्स सपाट पेटीत, ओलावा नियंत्रित करणारं पाकीट घालून ठेवा. वाजवून झाल्यावर माउथपीसवर ओली रीड तशीच ठेवून पेटी बंद केली तर खाडीकाठच्या हवेत तिच्यावर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

एसी आणि दमट हवा यांच्यातली ये-जा फार असेल तर कॅनडाच्या लेजेरची कृत्रिम रीड ठेवून बघा. ओलावायला लागत नाही, हवेनं वाकडी होत नाही. आवाजाबद्दल मतभेद आहेत, पण जगभरच्या ऑर्केस्ट्रांत ती आता रुळली आहे. ती वापरणार असाल तर माउथपीस तिच्यावरच तपासून घ्या.

माउथपीसची सफाई अशी: कोमट पाणी, चिमूटभर सौम्य साबण, मऊ बोटं. गरम पाणी नको, एबोनाइट हिरवट-तपकिरी होतं आणि गंधकाचा वास सुटतो. पांढरा थर जमला असेल तर व्हिनेगर पाण्यात घालून कापसानं पुसा. दोरीचं फडकं दर वेळी माउथपीसमधून ओढू नका, वर्षानुवर्षांच्या घासण्यानं आतल्या कडा झिजतात. आणि माउथपीस बंद गाडीत, उन्हात ठेवू नका.

अमुक वादक कास्परचा माउथपीस वापरत. तो मिळाला तर घेऊ का?

क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचे क्लॅरिनेटवादक रॉबर्ट मार्सेलस (तिथे १९५३ ते १९७३) यांच्या नावाबरोबर माउथपीस बनवणाऱ्या कास्परचं नाव येतं, खरं आहे. जुने कास्पर आणि शेडव्हिल यांना संग्राहकांच्या बाजारात मोठी किंमत आहे. पण त्यातले बरेच मधल्या काळात कुणी ना कुणी पुन्हा घासलेले असतात. म्हणजे नाव जुनं, फेसिंग कोणाचं ते देव जाणे. हातात घेऊन वाजवल्याशिवाय घेऊ नका. आणि मार्सेलस कोणत्याही माउथपीसवर मार्सेलससारखेच वाजले असते, हे आपलं माझं मत.

ऑनलाइन किंवा सेकंडहँड घेताना काय तपासायचं?

टोक भिंगातून बघा. केसाएवढा टवका उडालेला असला तरी नको. दोन्ही बाजूंच्या कडा सारख्या आहेत का, सपाट पाठीवर ओरखडे किंवा खळगा आहे का ते बघा. मग रीड लावा, खालचं तोंड तळव्यानं बंद करा, हवा ओढून सोडा. रीड क्षणभर चिकटून मग ‘टक्’ करून सुटली तर पाठ आणि कडा साधारण नीट आहेत. लगेच सुटली तर आधी दुसरी रीड लावून बघा.

फार स्वस्त दिसणारा नामवंत माउथपीस नकली असू शकतो. परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्युटी धरून किंमत काढा आणि परत पाठवायची अट आधी वाचा. स्वतः पॉलिश पेपर घेऊन ‘थोडंसं घासून बघतो’ हा प्रयोग कृपया नको. शंभराव्या भागाचं काम आहे ते.

ई-फ्लॅट आणि बास क्लॅरिनेटला हाच चालेल?

नाही. दोघांचे माउथपीस मापानंच वेगळे.

नवा घेतला. आवडला नाही असं कधी म्हणायचं?

पहिल्या दिवशी नवा नेहमी आवडतो आणि तिसऱ्या दिवशी नेहमी खटकतो, हे दोन्ही सोडून द्या. रीडचा नवा डबा फोडा, त्यातल्या दहापैकी तीन-चार चांगल्या रीड्स या माउथपीसवरच रुळवा आणि निदान तीन तालमी त्याच्यासोबत काढा. शेजारच्या बासरीवाल्याला आणि बसूनवाल्याला विचारा, ‘तू मला ऐकून सूर लावतोस की मला टाळून?’ त्यांचं उत्तर तुमच्या कानापेक्षा खरं. तीन तालमींनंतरही हळू सूर अडकत असेल तर परत करा किंवा बदलून घ्या.

जुना मात्र विकू नका. नव्याचं टोक कधी आपटेल सांगता येत नाही, आणि कार्यक्रमाच्या दिवशी शनिवारी दुपारी ठाण्यात दुसरा मिळणार नाही.